चित्रातला निळा पेला

एक होती आई, एक होती आजी आणि एक होती त्यांची ठकू. त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एक शाळा होती, आणि त्या शाळेत होत्या एक बाई. या चौघींच्या मधे अडकलेला मी. मी एक पेला बोलतोय. खरा नव्हे, चित्रातला. माझ्यात पाणी ओतायला जाल तर तुमचेच पाय भिजतील. पण मला उचलून कुणाच्या हातावर ठेवलं की पाणी मिळतं, अशी माझी कीर्ती. ती कीर्ती एकदा धुळीला कशी मिळाली, ते सांगायला बसलोय.

ठकू हे काही तिचं पाळण्यातलं नाव नाही. पोर मोठी होत गेली, डोळे टपोरे, केस दाट, अंगाने गुटगुटीत. पण तोंडातून शब्द म्हणून निघेना. लाकडाची बाहुली बसवावी तशी कोपऱ्यात बसायची. आजी म्हणाली, "ही तर आमची ठकू." तेच चिकटलं.

आई घरीच शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. मशीन थांबलं की ठकू रडायची, सुरू झालं की गप्प व्हायची. तिला भूक लागली की नाही, कुठे खुपलं की नाही, सगळा अंदाजपंचे कारभार. आई आपली एकेक वस्तू तिच्यापुढे धरायची. हे हवं? ते हवं? ठकू ढकलून द्यायची, आणि शेवटी दोघी रडायच्या.

मग ती बाईंच्या वर्गात आली.

बाकीच्या शाळांत एक धडा संपला की दुसरा. इथे सदऱ्याचं बटण लावणं हाच धडा, आणि तो वर्षभर पुरायचा. मुलं मोजकी, पण काम डोंगराएवढं. एकाला दार उघडं दिसलं की तो पळायचा, म्हणून कडी उंचावर लावलेली. एकाला रंगाचा खडू दिसला की तो तोंडात. एक मुलगी होती, तिला मदतनीस मावशी लाडाने रेडिओ म्हणायच्या. तिला स्वतःचं बोलणं जमत नसे, पण कानावर पडलेलं वाक्य ती जसंच्या तसं परत बोलायची. कधी लगेच, कधी चार दिवसांनी, तेही अगदी बोलणाऱ्याच्या सुरात. शाळेच्या मोठ्या बाई एकदा फोनवर कुणावर तरी चिडल्या होत्या, ते आठवडाभर सगळ्या वर्गाने ऐकलं.

बाई सकाळी यायच्या तेव्हा त्यांची साडी कडक इस्त्रीची असायची, आणि दुपारी जायच्या तेव्हा तिच्यावर त्या दिवसाचा सगळा इतिहास असायचा. शेंबूड, रंग, अश्रू. तरी कुणी पहिल्यांदा आपला बूट आपण काढला की बाई असा चेहरा करायच्या, जणू घरात सून आली.

माझा जन्म त्यांच्याच हातचा. ठकूसाठी त्यांनी आधी कागदावर एक स्टीलचा पेला काढला होता, सुरेख, चकचकीत. ठकूने ढुंकूनही पाहिलं नाही. मग बाईंनी तिचा डब्यासोबतचा प्लास्टिकचा निळा पेला समोर ठेवला, त्याच्या काठाला एक टवका उडालेला. बाईंनी तो टवक्यासकट काढला. तो मी. माझ्यावर प्लास्टिकचं आवरण चढवलं, पाठीला चपलेच्या पट्ट्याला असते तसली चरचरणारी चिकटपट्टी लावली आणि भिंतीवरच्या फळ्यावर मला बसवलं. ठकू आली, तिने माझ्या टवक्यावर बोट ठेवलं. बाईंनी मावशींकडे पाहून नुसत्या भुवया उडवल्या.

शिकवायची रीतही ऐकण्यासारखी. मावशी ठकूच्या मागे बसायच्या, बाई पुढे, हातात पाणी घेऊन. कुणी एक शब्द बोलायचा नाही. ठकूचा हात पाण्याकडे गेला की मावशी मागून अलगद तो हात माझ्याकडे वळवायच्या, मला उचलायला लावायच्या, बाईंच्या तळहातावर ठेवायला लावायच्या. मी तळहातावर पडलो की बाई लगेच म्हणायच्या, "पाणी. घे बाळा पाणी." दिवसभरात कितीदा तरी. मावशींची पाठ धरायची. "बाई, एवढ्यात मी विहीर खणली असती," असं म्हणायच्या आणि पुन्हा बसायच्या.

आणि एक दिवस मावशी फडकं आणायला उठल्या असताना ठकू एकटीच फळ्यापाशी गेली. चर्र. मला काढलं. बाईंच्या हातावर ठेवलं. मागे कुणी नव्हतं. बाईंच्या हातातून पाणी निम्मं सांडलं.

घरीही माझ्यासारखंच एक चित्र गेलं. आई खुळावल्यासारखी हसत सुटली. आजी मात्र जुन्या वळणाची. म्हणाली, "अगं, तोंड दिलंय ना पोरीला? कागदाने कुठे बोलतात? असं असेल तर मी बांगड्यांचं चित्र काढते आणि सोनाराकडे जाते. देतोय का बघू."

"सासूबाई, पण ती मागतेय ना," आई म्हणाली.

"मागू दे. बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. माझी नात कधी बोलेल ते सांग."

असे दिवस चालले होते. माझा एक कोपरा ठकूने चावून मऊ केला होता. मला वाटायचं, आपल्यासारखा भाग्यवान कुणी नाही. एका माणसाचा शब्द व्हायला मिळणं ही काय लहान गोष्ट आहे?

मग ठकू फार पाणी मागायला लागली.

आधी बाईंना आनंद झाला. मागते आहे, मागू दे. पण मणी ओवायला बसवलं की चर्र, मी बाईंच्या हातात. ठोकळे लावायला बसवलं की चर्र. बाई दुसऱ्या मुलाचं नाक पुसत असल्या तरी मी त्यांच्या नाकापुढे. पाणी दिलं की ठकू ते पटकन गिळायची नाही. मान एका बाजूला कलती करायची, पाणी गालात धरून बसायची, मग गिळायची, आणि पुन्हा माझ्याकडे यायची.

मी फळ्यावरून हे बघत होतो. पण मला काय येतं? मला एकच शब्द येतो. ठकू माझ्या तोंडून दुसरंच काही सांगत होती आणि मी आपला प्रत्येक वेळी म्हणत होतो, पाणी, पाणी, पाणी.

मोठ्या बाई दारातून डोकावून म्हणाल्या, "हिला युक्ती सापडलीय. काम नको, म्हणून पाणी. रोज मागेल ते देत बसलात तर शिकवणार कधी?"

ते शब्द बाईंच्या मनात घर करून बसले. या कामात ते खोटंही नसतं. मुलं काम टाळायला खरंच युक्त्या करतात, कधी पोट धरतात, कधी बाथरूम दाखवतात. थांबायला शिकवणं हाही इथला धडाच आहे. बाई म्हणू लागल्या, "आधी काम. पाणी नंतर." ठकू थांबायची नाही. मला त्यांच्या हातात कोंबायची, तोंडाजवळ न्यायची, एकदा तर त्यांच्या कपाळावर मारलं.

आणि मग तो दिवस. मावशी रजेवर होत्या. पळणाऱ्याने कडीपर्यंत स्टूल ओढत नेलं होतं. खडूवाल्याने रंगाचं पाणी सगळ्या चटईवर उपडं केलं होतं. बाई गुडघ्यावर बसून चटई पुसत होत्या आणि ठकू मला घेऊन त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होती. बाई उठल्या. त्यांनी मला ठकूच्या हातातून काढून घेतलं आणि लोखंडी कपाट उघडून वरच्या कप्प्यात टाकलं, वाळलेल्या डिंकाच्या बाटलीशेजारी.

"आधी काम. पाणी नंतर," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, निदान त्यांना त्याच दिवशी वाईट वाटलं असतं.

कपाटात अंधार होता, पण दाराच्या फटीतून थोडं दिसायचं आणि ऐकू सगळं यायचं. ठकू फळ्यापाशी जायची. माझ्या रिकाम्या जागेवर जी चिकटपट्टी उरली होती, तिच्यावर नख घासायची. चर्र. चर्र. मी तिथे नव्हतो. मग ती यायची आणि कपाटाला टेकून उभी राहायची, गार पत्र्याला गाल लावून. तिच्यात आणि माझ्यात एक पत्रा होता.

"कार्डासाठी रुसलीय," बाई मावशींना म्हणाल्या. "दोन-चार दिवसांत विसरेल."

"आधी काम. पाणी नंतर," रेडिओ म्हणाली. हुबेहूब बाईंचा सूर.

ठकू आपलं मनगट चावायला लागली. डबा तसाच भरलेला परत न्यायला लागली. फळ्यावरची बाकीची चित्रंही तिने सोडली; झोका, गाणं, बाथरूम, कशालाच हात लावेना. बाईंनी घरी विचारलं तर आई म्हणाली, "घरी पण किरकिर करते. पाणी मात्र मागते हं, सारखं. माझी पोर बोलायला लागलीय बाई, तेवढं पुरे मला."

मग एकदा मावशींनी खडू काढायला कपाट उघडलं. ठकू कुठून आली कळलं नाही. खालच्या कप्प्यावर पाय देऊन तिने वर हात घातला, डिंक पाडला, खोके पाडले, आणि मला ओढून काढलं. मला वाटलं, आता ती मला बाईंच्या हातावर ठेवेल. नाही ठेवलं. तिने मला आपल्या उजव्या गालावर दाबून धरलं. दोन्ही हातांनी.

तो गाल तापलेल्या इस्त्रीसारखा होता.

"ठकू, दे बघू ते," म्हणत बाई आल्या आणि मला सोडवायला त्यांनी हात घातला. मी आणि गाल यांच्या मधे त्यांची बोटं आली. ती बोटं तिथेच थांबली.

"मावशी," बाई म्हणाल्या, "इकडे या. हा गाल बघा."

ठकू तोंडाला कुणाला हात लावू देत नसे. दात घासतानाही घरात लढाई व्हायची. त्यामुळे आत काय चाललंय हे कुणी पाहिलंच नव्हतं. त्याच दुपारी आई आणि बाई मिळून तिला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. माझा कोपरा दातांखाली धरून ती रिक्षात बसली होती, म्हणून मीही गेलो. मागची दाढ किडून खाली पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, "हे बऱ्याच दिवसांचं आहे. गार पाणी धरलं की अशा दाढेला जरा बरं वाटतं. पाणी फार मागत होती का ही?"



दाढ निघाली. ठकू गुंगीत आईच्या खांद्यावर झोपली होती आणि दवाखान्याच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाई म्हणाल्या, "तिने मला रोज सांगितलं. मी म्हटलं, काम चुकवते. मी तिचं कार्ड कपाटात टाकलं."

आईने मान वळवली. "कपाटात? बाई, तिला एवढंच तर तोंड होतं. ते कपाटात ठेवलंत?"

"हो."

समोर एक माणूस गाल धरून कण्हत होता, आणि त्याची बायको त्याला म्हणत होती, "किती आरडाओरडा कराल, कळलं की सगळ्यांना." मला वाटलं, नशीबवान आहेस बाबा. तुला आरडाओरडा तरी येतो.

मग आई खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला काय बोलू? मी शेजारणींना घरी बोलावलं होतं. म्हटलं, बघा, आमची ठकू पाणी मागते. ती मागायची, मी द्यायचे, त्या टाळ्या वाजवायच्या. पुन्हा मागायची, पुन्हा टाळ्या." तिने डोळ्याला पदर लावला. "दुखत होतं तिला. आणि मी प्रदर्शन मांडलं होतं."

आपलेच दात, आपलेच ओठ. कोण कुणाला चावणार?

दाढेची जखम भरली. गाल उतरला. जेवण परत सुरू झालं. बाईंनी मला पुन्हा फळ्यावर लावलं, माझ्याच जागी. आणि ठकूने माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. तिला कळून चुकलं होतं की हा शब्द कुणीही काढून घेऊ शकतं. अशा शब्दावर कोण विश्वास ठेवील?

बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. मावशी मागे बसल्या, बाई पुढे. मावशींनी हात धरला तसा ठकूने तो हिसडून घेतला आणि पाठीमागे लपवला. बाई म्हणाल्या, "राहू द्या मावशी. या हाताला आता आपण धरायचं नाही."

मग बाईंनी एक वेगळंच सुरू केलं. त्यांना स्वतःला तहान लागली की त्या तोंडाने पाणी मागेनात. उठायच्या, फळ्यापाशी जायच्या, मला काढायच्या आणि मावशींच्या हातावर ठेवायच्या. मावशी पाणी आणून द्यायच्या. सगळ्या वर्गादेखत, न बोलता.

"बाई, तुमचीही दाढ किडलीय का?" मावशी म्हणायच्या.

एकदा मावशी कुणाचे तरी कपडे बदलत होत्या, आणि बाई मला पुढे धरून उभ्या राहिल्या. मावशी मान न वळवताच म्हणाल्या, "थांबा हो, दोन हातच आहेत मला." बाई थांबल्या. फार वेळ नाही, बटणं लागेपर्यंत. पण मी त्यांच्या बोटांत होतो, मला कळत होतं. बोटं घामेजली होती. कोपऱ्यातून रेडिओ म्हणाली, "आधी काम. पाणी नंतर." बाईंनी डोळे मिटून घेतले. ते वाक्य रेडिओने महिनोन् महिने सोडलं नाही. बाईंनी तिला कधी गप्प केलं नाही.

रोज घरी जाताना बाई माझे चारही कोपरे अंगठ्याने दाबून बघायच्या, नीट चिकटलाय ना. कुलूप लावून माणूस पुन्हा एकदा ओढून बघतो, तसं.

ठकू हे सगळं तिरक्या नजरेने बघायची. बाहुली असली तरी डोळे टपोरे होते.

आणि एका सकाळी, बाई रेडिओच्या बुटाची नाडी बांधत असताना, ठकू उठली. चर्र. बाईंच्या हातावर मी. बाईंनी नाडी अर्धी सोडली आणि उठल्या. "पाणी. घे बाळा पाणी." निळा पेला भरून दिला.

ठकू पाणी प्यायली नाही. तिने पेला टेबलावर ठेवला आणि पुन्हा मला आणलं.

बाईंनी दुसरा पेला भरला. तोही टेबलावर गेला. पुन्हा चर्र. तिसऱ्यात, चौथ्यात पाणी आलं. पेले संपले तशा वाट्या काढल्या. वाट्या संपल्या तसं डब्याचं झाकण भरलं, ब्रश धुवायचा वाडगा घासून भरला. ठकू एक घोट घेत नव्हती. नुसती मला ठेवायची आणि बाईंच्या तोंडाकडे बघायची.

"बाई, पिंप तळाला गेलं," मावशी म्हणाल्या.

"नळाचं आणा."

"ठेवू कशात? माझ्या ओंजळीत?"

"ओंजळीत आणा."

मोठ्या बाई आवाज ऐकून आल्या. टेबलभर पाणी, जमिनीवर ओल, पळणारा दार उघडं असूनही पळायचं विसरून बघत बसलेला. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"परीक्षा," बाई म्हणाल्या.

"कुणाची?"

"माझी."

मोठ्या बाई आपल्या खोलीत गेल्या. मग त्यांनी आपल्या टेबलावरचा काचेचा ग्लास आणून मुकाट्याने पुढे ठेवला. बाईंनी तो भरला. ठकूने तो दोन्ही हातांनी उचलला आणि ती घटाघट प्यायली, तळ दिसेपर्यंत. मग मला स्वतःच फळ्यावर नेऊन लावलं आणि मण्यांच्या ताटलीपाशी जाऊन बसली. बाई त्या ओल्या जमिनीवर खाली बसल्या, साडीसकट. त्यांच्या खांद्यावर हात टेकून रेडिओ म्हणाली, "घे बाळा पाणी."

त्यानंतर बाईंनी नवं चित्र काढलं. गालाला हात लावलेली मुलगी. दुखतंय. हे चित्र आधी का नव्हतं? तर मुलांना आधी हवं ते मागायला शिकवायचं, ही तिथली रीत. खाऊ, पाणी, झोका. नको असलेलं सांगायला शिकवायचं राहूनच गेलं होतं. ते चित्र काढताना बाईंनी पेन्सिलीच्या रेघा कितीदा खोडल्या, मी शेजारून पाहिलंय.

मी आता म्हातारा झालो. कोपरे सुटले, निळा रंग उडाला. शाळेच्या फळ्यावर माझ्या जागी नवा पेला आला आणि ठकू मला सोडेना म्हणून बाईंनी मला तिच्या घरी दिलं. इथे फ्रिजच्या दारावर मी राहतो, आणि माझ्या शेजारी गालाला हात लावलेली ती मुलगी. बाई कधी भेटायला आल्या तर बोलता बोलता माझे कोपरे दाबून बघतात. सवय गेली नाही. जाऊही नये. मलाही रात्रंदिवस एकच खुपतं, की तिच्या गालाच्या सगळ्यात जवळ मी होतो आणि तिचं दुखणं मीच सगळ्यात उशिरा सांगितलं.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याला एकच शब्द येतो. तो शब्द तुम्हाला ऐकून कंटाळा आला तरी काढून घेऊ नका. आणि तो फार वेळा आला तर शब्दाकडे नको, त्याच्या गालाकडे बघा.

परवाचीच गोष्ट. आई कपडे पोचवायला गेली होती, आजी दाराशी बसून सदऱ्यांना बटणांची काजं करत होती. ठकू फ्रिजपाशी आली. मला वाटलं, माझी पाळी. पण तिने माझ्या शेजारणीला काढलं आणि जाऊन आजीच्या मांडीवर ठेवलं.

आजीने चष्मा वर केला. "काय गं? काय झालं? अगं, मला नाही कळत हे कागदाचं." मग चित्र नीट बघून तिचा आवाज उतरला. "दुखतंय? कुठे बाळ? दात?"

ठकू खाली बसली. आजीचं बोट धरलं आणि आपल्या तळपायावर नेऊन ठेवलं. आईच्या मशीनच्या सुईचं तुटलेलं टोक आत गेलं होतं, राईएवढं, वरून दिसतही नव्हतं. आजीने चिमटा आणला आणि ते अलगद काढलं. ठकूने पाय पुन्हा पुन्हा टेकवून पाहिला आणि चित्र नेऊन जागेवर लावलं.

आई घरी आली तेव्हा आजी दारातच उभी होती, ते टोक तळहातावर धरून, जणू मोती सापडलाय.

"सूनबाई," आजी म्हणाली, "आज ठकू माझ्याशी बोलली."

जसं ठकूचं दुखणं आजीच्या बोटाला कळलं, तसं तुमच्या घरातल्या मुक्याचं तुमच्या बोटांना कळो. या घरात आता मशीन थांबलं तरी कुणी रडत नाही.